भोपळा, दहावी वेळ

मुरार. नोव्हेंबरचा दुसरा रविवार.
हंगामाच्या सणाची उपासना आटोपली
आणि वेदीसमोरचा भोपळा लिलावाला निघाला:
साडेतीन किलो, एका अंगाने चपटा,
चक्रनारायण बाईंच्या न्हाणीच्या पत्र्यावर वाढलेला.

पुकारायला पाटोळे गुरुजी. आवाज अजून वर्गातलाच.
"तीनशे एक, तीनशे दोन, मागचा बाक, झोपलात का?"
ज्याने घेतला त्याने तो उचलून
परत टेबलावर ठेवला. पुन्हा पुकारा.
चारशेला गेला, परत आला.
साडेसहाशेला गेला, परत आला.
दारातून डोकावणाऱ्या गजकवाल्याने अडीचशे म्हटलं,
गुरुजींनी तेही धरलं.
नाव काय लिहू? विचारलं, तर म्हणाला,
गजक लिहा.

पावत्या मी फाडतो.
एकतीस वर्षं सरकारी हिशेबाच्या कचेरीत काढली.
एकच वस्तू आठ जणांना विकल्याची नोंद
तिथे कुणी केली असती
तर चौकशी लागली असती.

अंदाजपत्रक खिशात आहे, घडीवर विरलेलं.
अठरा लाख चाळीस हजार.
छताच्या कैच्या, त्यातली वाळवी,
पश्चिमेच्या भिंतीला आलेला फुगा,
आणि मनोरा. घंटेची दोरी दोन वर्षं गुंडाळून ठेवलीय,
कारण वाजवली की घंटेपेक्षा मनोराच जास्त हलतो.
बाबूखाँ मिस्त्रीने भिंतीला कान लावला होता,
डॉक्टर लावतात तसा.
सिमेंट नको, म्हणाला, दगड गुदमरेल.
चुना, गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी.
गूळ आणि उडीद मी किराणा खाती टाकले,
बेलफळं कुठे टाकावीत ते अजून ठरलेलं नाही.

हे देऊळ गोऱ्या पलटणीने बांधलं.
आमचे पणजोबा तेव्हा बाहेर उन्हात, घोडे धरून.
भिंतींवरच्या पितळी पाट्यांवर नावं त्यांचीच:
पटकीने गेलेला एकोणीस वर्षांचा ढोलवाला,
कुणा कप्तानाची सात दिवसांची मुलगी.
पलटणीला पत्र धाडलं होतं आम्ही.
उत्तर आलं. एक पान, सभ्य.
पलटण आता राहिलेली नाही. शुभेच्छा.

पाट्या दर शनिवारी नाओमी घासते,
लिंबू आणि राखेने.
इंग्रजी तिला वाचता येत नाही.
ती छोटी पाटी कुणाची, एकदा मीच सांगितलं.
तेव्हापासून ती शेवटी घेते,
आणि जरा हळू.

अशेर, गुरुजींचाच नातू, सभेत बोलला होता:
एवढ्या पैशांत नवा हॉल होईल, पंखे, संडास, सगळं.
चुकीचं काही बोलला नव्हता.
मी स्वतः आकडे तपासले होते, गुपचूप, दोनदा.
त्याला कुणीच उत्तर दिलं नाही,
आणि त्या दिवसापासून तो मागच्या बाकावर बसतो.

नवव्या वेळी मागच्या बाकावरून आवाज आला:
अकराशे.
गुरुजींनी तीनदा पुकारलं, तिसऱ्यांदा जरा अडखळत.
अशेर आला, नोटा मोजल्या, भोपळा काखेत मारला
आणि निघाला.
सगळे बघतच राहिले. रिवाज असा नाही.
दारात तो थांबला.
"कुणीतरी खायला पण पाहिजे ना तो," म्हणाला.

ते आठ दिवस मंडळीत दुसरा विषय नव्हता.

पुढच्या रविवारी त्याची आई, मनोरमा, ओसरीत बसली
स्टीलचा डबा उघडून. भोपळ्याचे घारगे.
दहा रुपयाला एक, उधारी नाही.
अशेर सुटे पैसे देत होता, मान वर न करता.
गुरुजींनी चार घेतले. एक तिथेच खाल्ला,
गूळ कमी पडलाय म्हणाले, आणि आणखी दोन घेतले.

सहाशे सत्तर जमले.
कोणत्या सदरात घालावेत, मी बराच वेळ
पेन धरून बसलो.
वरून चिमूटभर चुना पानावर पडला.
फुंकर मारली, आणि लिहिलं:
भोपळा, दहावी वेळ.