लाकडातला खडा

वैरागड रस्त्याच्या आरामशीनवर
बावीस वर्षं मी करवतींचे दात घासतो.
लाकूड मी चिरत नाही, ते सुकरू पोटावी चिरतो.
माझ्याकडे येतं ते लाकडानं केलेलं नुकसान:
इथं मोडलेला दात, तिथं झिजलेली धार.
तेवढ्यावरून ओंडका ओळखतो,
न बघता.

हळदू लोण्यासारखा.
त्याला करवत कशाला, विळाही चालला असता.
साग दिसायला तेलकट, सोनेरी, वास चामड्याचा,
आणि दाताला लागतो रेतीसारखा.
रेतीसारखा काय, रेतीच.
एकदा विचारलं, झाडाच्या अंगात रेती कुठून?
सुकरू म्हणाला,
"वैनगंगेचं पानी पेते ना गा थो.
पानी उडून जाते पानातून.
रेती कोठी जाईन?"

सातवीच्या पुस्तकात झाडाचं चित्र होतं.
खोड म्हणजे दोन उभ्या रेघा.
गुरुजींनी सांगितलं नाही
की त्या दोन रेघांच्या मध्ये नळ्याच नळ्या,
केसाएवढ्या,
आणि जुनी झाली की नळी झाड आतूनच बुजवतं.
बुजलेल्या नळ्यांना आपण गाभा म्हणतो.
भाव त्याचाच.
पाणी वाहतं ते सालीलगतच्या फिकट पट्ट्यात, दोन बोटं रुंद.
त्याला किडा लागतो.
ते आम्ही सरपणात टाकतो.

येनाची तऱ्हा आणखी वेगळी.
साल मगरीच्या पाठीची.
बिसनी मावशी ती जाळायची, राख चाळायची,
डबीत भरून तंबाखूला लावायची,
आणि दुकानातून चुना आणणाऱ्यांना हसायची.
मी एकदा चोरून चाटली ती राख.
दोन दिवस भाकर गिळवली नाही.

तर त्या दिवशी सागाच्या ओंडक्यात मशीन किंचाळली.
सुकरूनं पट्टा पाडला.
आम्हाला वाटलं खिळा,
शिकाऱ्याची गोळी, तारेचा तुकडा.
निघाला पांढरा खडा, सुपारीएवढा,
एका जुन्या चिरेत बसलेला.
बाहेरून कोणी ठोकलेला नव्हता.
झाडानंच साठवलेला, थेंबाथेंबानं.
खड्यापासून सालीपर्यंत मी कडी मोजली: एक्केचाळीस.
त्यातलं एक इतकं बारीक
की नखानं चाचपावं लागलं.
त्या वर्षी काय झालं होतं
आम्हा दोघांनाही आठवेना.

पोळ्यानंतर माझ्याच पाठीत कळ उठली.
ब्रह्मपुरीच्या डॉक्टरीणबाईंनी पोटाला थंड चिकट काहीतरी लावलं
आणि पडद्यावर दाखवलं:
अंधार,
अंधारात एक पांढरा दाणा,
दाण्यामागे त्याची सावली.
"सात मिलिमीटर. पाणी कमी पिता?"
मी विचारलं, किती वर्षांचा असेल?
बाई हसल्या, "दगडाला कुठलं आलंय वय?"
बाईंनी कडी मोजली नसतील कधी.
म्हणाल्या, पडेल आपोआप,
गाळणीत धरा, तपासायला आणा.

बारा दिवस मी चहाची गाळणी घेऊन हिंडलो.
बायकोनं नवी आणली
आणि जुनीला दोरा बांधला, चूक होऊ नये म्हणून.
बाराव्या पहाटे टिचकी मारल्यासारखा आवाज आला.

तपासायला नेला नाही.
आरामशीनवर आणला,
कानशींच्या पेटीवर सागाच्या खड्याचा एक कपचा पडला होता,
त्याच्या शेजारी ठेवला.
सुकरूनं वाकून पाहिलं,
हात मात्र लावला नाही.
"कोनता झाडाचा गा, अन् कोनता तुहा?"

मला तरी काय ठाऊक.
रात्री पेटी हलली होती,
दोन्ही एका कोपऱ्यात घरंगळले होते.

तो गेल्यावर मी बारीक कानस घेतली
आणि दोन्हींवर एकेक हात फिरवला.
एकाची पूड पांढरी पडली,
दुसऱ्याची जराशी पिवळट.
आवाजही वेगळा.

सुकरूला अजून सांगितलेलं नाही.