अजून चार फूट

दुपारीच शशिकलानं बजावलं होतं,
पोरांना घाटावर न्यायचं तर न्या,
पण दिवस मावळायच्या आत ताटावर या.
चाळीस वर्षं झाली, रात्री आमच्या चुलीला सुट्टी असते.
पुण्याच्या नातवंडांना हे ठाऊक आहे,
म्हणजे दर दिवाळीला नव्यानं ठाऊक होतं.

समकित नऊ वर्षांचा, दिसेल ते मोजतो.
आर्जवी पाचची, दिसेल त्याला हात लावते.
माझा एक हात तिच्या मुठीत,
दुसऱ्यात भडंगाची पिशवी,
चष्मा नाकावरून घसरला तो घसरलाच.

हळदीच्या पेठेत उभी हयात तोलाई केली,
पोत्याकडं नुसतं बघून किलो सांगायचो.
असं म्हटलं, तर समकित म्हणाला,
मग मला उचलून सांगा.
उचललं. कमरेत कुठंतरी लख्ख झालं.
म्हणालो, सत्तावीस किलो, वर दोनशे ग्रॅम हट्ट.
आर्जवीला वाटलं हट्ट हा खाऊ आहे,
तिलाही पाहिजे होता.

कृष्णेचं पाणी उतरलेलं.
पायऱ्यांच्या सांध्यात गाळ अजून वाळत होता.
समकितला पुलाच्या खांबावरचे आकडे दिसले.
हे काय, आजोबा?
पुराचे फूट. पाणी कुठवर आलं ते बघायला.
मग कुठवर आलं होतं?
आमच्या गल्लीतलं काही सांगितलं नाही,
नुसतं बोट वर केलं.
त्यानं बोट बघितलं, खांब बघितला,
आणि कशाला कोण जाणे, सूर्याकडं वळला.

सूर्य सांगलीवाडीच्या झाडांवर.
एक डोळा मिटून, बोटं आडवी धरून
पोरगं म्हणालं, अजून चार फूट आहे.
चार फुटांत एक भेळ होते.

मी जन्मभर काट्याशी इमान राखलं,
अडत्यानं डोळा मारला तरी पासंग ठेवला नाही.
पण हा हिशोब मला तपासायचाच नव्हता.

बिनकांद्याची, म्हणालो, आणि जरा लवकर.
एवढी घाई कशाची ओ, अण्णा?
आर्जवीनं सांगितलं,
सूर्य संपत आलाय.

तीन फूट. तिला ठसका लागला.
पाणी पाजलं, पाठ चोळली.
अडीच. समकितनं शेंगदाणे वेगळे काढून मला दिले.
माझ्या दातांना ते चालत नाहीत,
गालात धरून बसलो.
एक.
आता पटापट खा, आजोबा!
कागद माझ्या हनुवटीला लावून
ती तिच्या चिकट हातानं मला भरवायला लागली,
अर्धं मिशीत, अर्धं सदऱ्यावर,
घास मोठ्यानं मोजत,
सातानंतर नऊ, नवानंतर परत सात.
भेळवाला कढई पुसायची सोडून बघत राहिला.

गेला झाडांमागं.
समकितनं हात खाली घेतला.
संपलं?
संपलं.
कागदात चार कुरमुरे उरले होते.
आर्जवीनं ते एकेक करून उचलले
आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकले,
सकाळी खा म्हणाली.

घरी पोहोचलो तर दिवे लागलेले.
शशिकला दारात.
दोन ताटं झाकून, दोन पालथी,
म्हणजे तीही थांबली होती.
मी बोलायला तोंड उघडलं आणि शेंगदाणा बाहेर पडला.
तिनं आधी तो बघितला, मग माझी मिशी,
पदरानं शेव झटकली,
आणि रागवायचं म्हणून जो श्वास घेतला होता
तो हसण्यातच खर्च झाला.
पोरांना वाढते, म्हणाली, आपण दोघं आता सकाळीच.

पाटावर बसल्या बसल्या, तोंडात पुरणपोळी,
समकितचं काहीतरी मनातल्या मनात चाललेलं.
मग म्हणाला,
उद्या आपण दहा फुटांनाच निघू, आजोबा.
आणि आजीला पण घेऊ.