सातवं मिनिट

औलूच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
हिल्ला केमिलाइनेन माणसांना सांगते:
काही करू नका.
दहा मिनिटं नुसते पडून राहा.
झोपू नका, आकडे मोजू नका,
समोर एक फुली आहे, तिच्याकडे बघा.
लोकांना हेच सगळ्यात अवघड जातं.

बोटाला चिमटा, छातीवर तारा,
डोक्याभोवती पांढरा पिंजरा.
यंत्र खडखडतं,
जणू पत्र्यावर कुणी पोतंभर खिळे ओतत बसलंय.
एका पडद्यावर मेंदू,
त्याच्या कुठल्या आळीचं कुठल्या आळीशी
येणंजाणं आहे, कुणाचं बंद पडलंय.
दुसऱ्यावर हृदय.
ठोके नव्हेत, ठोक्यांमधल्या जागा:
आठशे बारा, आठशे सत्तेचाळीस, सातशे नव्वद.
मिलिसेकंदांत.

नव्या विद्यार्थ्याला ती पहिल्याच दिवशी बजावते,
घड्याळासारखं चालणारं हृदय दिसलं
तर हुरळून जाऊ नकोस.
श्वास घेताना त्याची थोडी घाई,
सोडताना सबुरी,
एवढं कमी-जास्त हवंच.
ज्याला वरून कुणाचा निरोपच पोचत नाही
ते एकसारखं पडत राहतं.

आपण म्हणतो, काळजाचा ठोका चुकला.
जणू बरोबर ठोका कुणी आधी लिहून ठेवला होता.
आणि काळीज म्हणजे तरी काय?
खाटकाकडे मागा, तो यकृत बांधून देईल.
शरीरशास्त्रात आपली भाषा साफ नापास,
तरी तिला कुठूनसा सुगावा होता
की आतल्या आत कुणीतरी कुणाला तरी
हाक मारतं.

क्रमांक एक्केचाळीस.
ताइस्तो रुओनाला, वय अडुसष्ट.
समुद्र गोठला की हाइलुओतो बेटापर्यंत
बर्फावरून रस्ता आखायचा, हे काम. तेहतीस हिवाळे.
गिरमिटानं भोक पाडायचं, काठी सोडायची,
जाडी वहीत लिहायची,
कडेला फांद्या रोवत पुढे जायचं.

सहा मिनिटं तो ओंडक्यासारखा पडून होता.
सातव्यात, काय बिघडलं कोण जाणे,
यंत्र गप्प झालं.
नऊ सेकंद.
पडद्यावरच्या जागा आखडत गेल्या:
सातशे चार. सहाशे एकतीस. पाचशे अठ्ठ्याऐंशी.
आणि खडखडाट परत सुरू झाला तेव्हा
मेंदूच्या ज्या दोन आळ्यांत एरवी
सणासुदीलाही ओळख नसते,
त्या एकमेकींचं दार ठोठावत होत्या.

नंतर वेलदोड्याच्या पावाबरोबर कॉफी.
काय झालं होतं आत?
काही नाही, म्हणाला. तुम्हीच म्हणालात, काही करू नका.
पाव बुडवला, खाल्ला, बोटं पुसली.
मग म्हणाला,
बोलणारा बर्फ चांगला.
कण्हतो, तडकतो, रात्री बंदुकीसारखा वाजतो,
त्यावर खुशाल ट्रक घाला.
गप्प बर्फावर मी कुत्रंसुद्धा सोडत नाही.
तुमचं हे थांबलं ना,
मी काठी शोधत होतो.

नियम साधा आहे: असं मिनिट वगळायचं.
कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं, यांत्रिक बिघाड.
वगळलं.
वगळण्याआधी एक प्रत ठेवली, बिननावाच्या फाइलीत,
जिथे क्रमांक एकही आहे:
ती स्वतः, तीन वर्षांपूर्वी,
आंती घर सोडून गेला त्या ऑक्टोबरात.
यंत्र नीट चालतंय का बघायला
तीच आधी आत झोपली होती.
आठशे एक, आठशे दोन, आठशे एक, आठशे एक.
तेव्हा तिला वाटलं होतं, किती स्वच्छ नोंद.

दुपारचे तीन, बाहेर काळोख.
खिडकीतून दिसलं, ताइस्तो पार्किंगच्या कडेला उभा.
टाचेनं जमीन ठोकली.
मान तिरपी करून ऐकलं.
पुन्हा ठोकली,
आणि लांबच्या वाटेनं गाडीकडे गेला.

खाली बेचाळीस नंबर येऊन बसली होती.
घड्याळ काढून ठेवू का, विचारत होती.