रकाना क्रमांक सात

वसमतच्या कॉलेजात, खिडकी दोनच्या आत बसून
बावीस वर्षं, दर जूनला,
मी एकच शब्द विचारतो:
कॅटेगरी?
काहींचा आवाज खाली जातो, काहींचा मुद्दाम वर.
मी टिक करतो.

काल अनुसया आली, मोंढ्यातून थेट,
नखं हळदीनं पिवळी.
आडनाव सांगत नाही, लगेच ताडाल.
"सर, ह्या शब्दाचा अर्थ काय हो?"
मागं सत्तर जणांची रांग.
म्हटलं, उद्या ये.

संध्याकाळी ग्रंथालयातला जाड कोश काढला.
शब्द ग्रीक.
त्यात एक 'विरुद्ध' आहे आणि एक चावडी.
चावडीवर, चारचौघांत,
एखाद्यावर घेतलेला आळ.
पुढं कुणा तत्त्ववेत्त्यानं तो धुऊन घेतला,
म्हणाला, वस्तूबद्दल एवढंच विचारा:
काय, किती, कसं, कुठं, केव्हा.

कोश मिटला तरी
चावडी आमच्याच गावची दिसत राहिली.
बाप उभा, पटका हातात.
चोरी कसली, हे विचारायच्या आधी
कुणीतरी विचारलेलं:
कुणाच्यातला रे तू?

आज ती आली.
फॉर्मवर अंगठ्याएवढा पिवळा डाग.
म्हटलं, आधी ह्याचा अर्थ आरोप असा होता.
ती हसली नाही.
"आमी कांडी येगळी करतो, गट्टू येगळा.
निवडल्याबिगर भाव लागत नाही.
हितं भाव कोण लावतंय, सर?"

मला सुचेना.
"टाका टिक," ती म्हणाली,
"स्कॉलरशिप पायजे."

टाकली.
पुढचा मुलगा खिडकीशी आला,
आणि शब्द
तोंडातच राहिला.