पाचवा हिस्सा

कळमन्यात अडत्याकडे मी काट्यावर होतो, अकरा वर्षं.
वीस किलोच्या वजनाच्या बुडातलं शिसं
मीच टोकरून काढलं, एका दुपारी,
डब्यातल्या चमच्याच्या दांडीनं.
अर्धा किलो. मुठीत मावलं.
मालक म्हणाला, हात साफ आहे तुझा.

मेकोसाबागेत शांतवन मास्तरांच्या माडीवर
आठ-दहा माणसं शनिवार पाळतात.
सुवार्ता जायची. मी सोडायचो तिला,
स्कूटर बंद न करता.
एका शनिवारी ती आपसूक बंद पडली,
आणि किक मारून मारून मी दमलो
तेव्हा वरून लेवीय ऐकू येत होतं:
सातवा महिना, दहावा दिवस,
जिवाला कष्ट द्या, काही काम करू नका.

मी रडलो नाही. रडणारे पाहिलेत मी देवळात,
आसवं पुसून सोमवारी पुन्हा काट्यावर येणारे.
त्यातला एक मीच.
मास्तरांना म्हटलं, माझ्यासाठी प्रार्थना करा.
ते म्हणाले, करू. आधी किती झाले ते मांड.

मांडले. वहीच्या मागच्या पानावर,
एकाच बाईचे, कारण तिचंच नाव आठवत होतं.
चार हजार तीनशे वीस.
वर पाचवा हिस्सा, शास्त्रात आहे तसा:
आठशे चौसष्ट.
बाकीच्यांची नावं कुठून आणू?
त्यांचा हिशेब अजून उघडाच आहे.

यंदा तिथी जुळल्या.
आमची दहावी म्हणजे शहराचा दसरा.
नवमीला, ऊन उतरायच्या आत, गोकुळपेठेत
सिंधूबाई उईके आपट्याच्या डहाळ्या विकत होत्या.
मी पैसे पुढे केले, तोंड कोरडं.
त्यांनी मोजले. परत मोजले.
"मले माहीत होतं ना बापा," म्हणाल्या,
"मंग मी बी गिऱ्हाइकाले कमीच देत होती.
आता ते कोणाले देऊ मी?"
तराजूची साखळी त्यांच्या बोटात अडकलेली,
आणि दोघांनाही उत्तर माहीत नव्हतं.
माफ केलं असं काही त्या बोलल्या नाहीत.
निघताना एक पान टाकलं माझ्या खिशात,
फुकट.

दहावीला उपास. सूर्यास्त ते सूर्यास्त.
सकाळपासून कडबी चौकातून माणसं चाललेली,
निळे झेंडे, खांद्यावर पिशव्या, लेकरं कडेवर,
दीक्षाभूमीकडे.
एका म्हातारीनं पाणी मागितलं.
मग दुसऱ्यानं. मग मी माठच बाहेर आणला.
दिवसभर पाणी पाजलं, प्यायलो नाही.
हे काम धरतात की नाही,
मास्तरांना विचारलं नाही.
रात्री दूर कुठेतरी रावण फुटत होता,
आणि माझ्या जिभेला
शिशाची चव येत होती, ती हळूहळू गेली.
निदान मला तसं वाटलं.

पंधरावीला मंडपांचा सण.
पाण्याच्या टाकीच्या पाइपला बांबू बांधले,
वर शिंदीच्या फांद्या, संत्र्याच्या डहाळ्या,
चांदणं गळेल इतक्या विरळ.
शेजारी ढोबळ्यांच्या गच्चीवर कोजागिरी,
दूध आटतंय, पोरं भांडताहेत साईवरून,
ढोबळे ओरडले, "काहो, झोपडी कशाची?"
मी म्हटलं, आमचे लोक कधीकाळी रानात होते,
घर नव्हतं, देव होता, ते विसरू नये म्हणून.
"बरं बरं," ते म्हणाले, "दूध घ्याल ना?"
घेतो म्हणालो.

सांगतात, या रात्री कोणी विचारत फिरतं,
कोण जागं आहे.
मी नव्हतो.
अकरा वर्षं रात्री अडीचला उठून
छताकडे बघणारा माणूस
त्या फांद्यांखाली दहालाच झोपला,
चटईवर, तोंड उघडं टाकून,
सुवार्ता म्हणते, घोरत.

सकाळी उशाशी ग्लास होता,
वर बशी झाकलेली,
बशीवर वरून पडलेलं संत्र्याचं एक पान.
दूध गार झालं होतं.
साय जाड.
प्यायलो.