सहज

सोमवारी सकाळी चेनेक गाळ घेऊन येतो.
कॅनचं झाकण सैल, गाडीला वास, कोटाला वास.
"घे ब्लाझेना," तो म्हणतो, "अख्खं गाव आणलंय."
खोटं नाही ते.
मैलापाण्याच्या केंद्रात सगळे एकत्र येतात:
शाळेचे संडास, बिअरच्या गुत्त्याची मोरी,
पाद्रीबुवांचं आंघोळीचं पाणी.

मी ते गाव तीनदा धुते.
आधीचं खाल्लेलं काही उरता कामा नये.
मग तपकिरी बाटल्या, बावीस अंश, अंधार.
पाण्यात चिमूटभर फॉस्फेट, थोडं लोह,
ताट मांडलंय, पण वाढलेलं एकच:
के-एकेचाळीस.
कपडे मऊ करणारं काहीतरी. रंग नाही, वास नाही.
खा, नाहीतर उपाशी राहा.

शेजारच्या बाटलीत बेन्झोएट,
जे सरबतात घालतात, जिवाणू फिरकू नयेत म्हणून.
इथे थोडं पातळ केलं
की तेच जिवाणू त्यावर तुटून पडतात.
चौदा दिवसांत फडशा.
त्यावरून कळतं, गाव जिवंत आहे.

आणि एक बाटली अशी, जिच्यात काहीच घातलेलं नाही.
तीही श्वास घेते.
आपलंच आपण खात राहते, हळूहळू.
तिची भूक मोजायची
आणि बाकी सगळ्यांतून वजा करायची.
सव्वीस वर्षं ही वजाबाकी करतेय,
अजूनही त्या आकड्यापाशी पेन जरा थांबतं.

सहा दिवस के-एकेचाळीसला कोणी हात लावला नाही.
सातव्या दिवशी दहा टक्के.
दहा दिसले की घड्याळ सुरू होतं:
इथून दहा दिवसांत साठ गाठायचे.
गाठले तर कागदावर लिहायचं, सहज विघटनशील.

सहज.
किती सैल शब्द वाटतो,
सहज आलो होतो, सहज विचारलं.
आमच्याकडे त्याला दहा दिवसांची कुलूपकिल्ली.

सतराव्या दिवशी चोपन्न.

दुपारी वोंद्राकसाहेबांचा फोन.
आवाजात साखर. "चढतोय ना आलेख अजून?"
चढतोय.
"मग?"
मग काही नाही. खिडकी बंद झाली.
एकविसाव्या दिवशी बासष्ट.
अठ्ठाविसाव्या दिवशी एकाहत्तर.
गाव शिकलं होतं ते खायला.
उशिरा, पण शिकलं होतं.

माझा विटेक चार वर्षांचा होईतो बोलला नाही.
डॉक्टरीणबाईंकडेही असाच तक्ता होता,
वय आडवं, शब्द उभे,
आणि एक रेघ, जिच्याखाली तो दिसायचा.
मी त्या बाईंशी भांडले होते, दार आपटून.
मग एका फेब्रुवारीत, भांडी घासताना,
मागून अख्खं वाक्य आलं:
"आई, तुझ्या हाताला वास येतो."

म्हणून वाटलं, एकाहत्तर आहेत,
एक ओळ जास्तीची लिहावी,
या पदार्थाला थोडा वेळ द्या.
लिहिलीही.
मग खिडकीतून लाबे दिसली,
पुलाखालून एक लाकडी खोका वाहत चाललेला,
आणि वळणावर बघता बघता नाहीसा.
विटेकसाठी मी थांबले.
नदी कुणासाठी थांबते?
दहा दिवसांत इथलं पाणी हँबर्गच्या आसपास,
पुढे खारं.
ज्याला सतराव्या दिवसानंतरही भूक लागायचीय
त्याचं ताट तोवर समुद्रात गेलेलं असतं.

ती ओळ खोडली.
टक्के मात्र सगळे लिहिले, एकाहत्तरसकट.
निष्कर्ष: सहज विघटनशील नाही.
सही. तारीख.

संध्याकाळी बाटल्या धुतल्या.
उपाशी बाटली शेवटी.
तळाशी बोटभर करडा थर,
थकलेला.
चेनेक रिकामा कॅन घ्यायला आला होता.
म्हणाला, "काय, पास की नापास?"
मी म्हटलं, "गाव पास."
तो हसला नाही. त्याने झाकण लावलं,
पुन्हा सैलच.