निळी बंदरं

पोतीला मार्चात सगळंच दमट असतं,
स्क्रूसुद्धा.
मालखाझ आला तेव्हा त्याच्या काखेत
कांबळ्यात गुंडाळलेला संगणक होता,
आजारी करडू आणावं तसा.

"म्हातारा झालाय. मुलगी म्हणते, टाक आणि नवा घे."
मी झाकण काढलं.
आत धूळ, एक मेलेला कोळी
आणि ठणठणीत मदरबोर्ड.
"काही धाड भरलेली नाही याला."
"मग इतका वेळ का लागतो, इझोल्दा?"

एकतीस वर्षं क्रेनच्या केबिनमधून काढलेले फोटो,
प्रत्येक जहाजाचा एक, शिडी उतरण्याआधी.
आधीचे फिल्मवर, नंतरचे कॅमेऱ्यात,
सगळे त्याने स्कॅन करून ठेवलेले.
आता मुलीने बारीहून पाठवलेल्या डिस्कवर चढवायचे.
पडदा सांगतो: साडेसात तास.
त्याच्या गल्लीत वीज तेवढा दम धरत नाही.
दोनदा अर्ध्यावर गेली.

मी समजवायला बसले,
आडात भरपूर आहे हो, पोहराच वाटीएवढा,
मागचे हे पोर्ट जुने...
त्याने हात वर केला.
आमच्याकडे जहाजाच्या बंदराला आणि या भोकाला
एकच शब्द आहे.
"जहाज मोठं, धक्का अरुंद.
सरळ सांग की. आड कशाला मध्ये आणतेस?"

ग्राफिक्स कार्डाखाली एक चिमुकली खाच होती,
पंधरा वर्षं कुणी न बसलेली खुर्ची.
मागची पत्र्याची पट्टी काढली,
कार्ड दाबलं.
आधी कुरकुर, मग टक्.
चार निळी तोंडं भिंतीकडे पाहू लागली.

सुरू केलं. काही नाही.
डिस्कचा दिवा मेलेलाच.
मी ड्रायव्हरला शिव्या दिल्या,
तीन वेळा बंद-चालू केलं,
पेटीवरच्या कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या.
तो हात मागे बांधून वाकला,
बराच वेळ बघत राहिला.
"हिला वीज कुठून देतेस?"

कार्डाच्या कडेला चार पिनांचं सॉकेट
आ वासून बसलं होतं.
"आमच्याकडेही झालं होतं असं. क्रेन उभी, तार जोडायची राहिली.
उद्घाटनाला मंत्री आले होते."
हसला नाही. मी हसले.

तार जोडली. पडदा म्हणाला: दोन तास.
खोक्यावर याहून मोठा आकडा होता,
पण खोक्यावरचा वेग खोक्यातच राहतो,
हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगते.
त्यालाही सांगितलं. त्याने ऐकलं नाही.
फायलींची नावं सरकत होती
आणि त्याला ती वाचता येईनात.

"थांब," तो म्हणाला.
"चौऱ्याण्णवचा हिवाळा गेला.
आत्ता गेला, बघ.
एकच जहाज होतं तेव्हा, पिठाचं.
क्रेनला वीज नव्हती. पाठीवर उतरवलं आम्ही,
तीन आठवडे.
भुवयासुद्धा पांढऱ्या."
तोवर पडदा दोन हजार एकात पोचला होता.

मी चहा ठेवला. साखर संपली होती.

"पुढे मोठ्या क्रेन आल्या," तो कपाला म्हणाला.
"माझ्या टोळीतले अकरा जण
एका शुक्रवारी घरी गेले.
तुझ्या या कार्डाने कुणाला घरी पाठवलं?"

प्रश्न चेष्टेचा आहे की काय, कळेना.
मी टेबलावर नजर फिरवली.
दोन स्क्रू, कोळी,
आणि ती पत्र्याची पट्टी,
पंधरा वर्षं एक भोक झाकून बसलेली.
ती उचलून त्याला दिली.
त्याने बाहीला पुसली, खिशात घातली,
पैसे मोजून ठेवले, वर एक सुटं नाणं,
आणि कांबळं माझ्याकडेच विसरला.

मे महिन्यात कांबळं द्यायला गेले.
घरी कुणी नव्हतं.
कुंपणाशी वाफा होता,
ओल्या मातीत पट्टी उभी खोचलेली,
तिच्यावर खिळ्याने कोरलेलं:
काकडी.